नानांची चार-सहा-दोन

"पाठ भिंतीला टेकवा आणि टाचा उचलू नका," मी पोस्टमनला म्हणालो.

तो बिचारा सायकल बाहेर लावून, चपला काढून नानांना हात जोडायला आत निघाला होता. मी त्याला दंडाला धरून क्वार्टरच्या भिंतीशी उभा केला, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि खडूने रेघ ओढली. पाच फूट दोन इंच.

"छान. तुम्ही पुढच्या चारांत. तिकडे टेलरजवळ थांबा."

"पुढच्या चारांत म्हणजे?"

"तिरडीला पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन."

पोस्टमनने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या सात-आठ रेघांकडे पाहिलं. मयताच्या दारात माणूस वाद घालत नाही. तो गुपचूप टेलरजवळ जाऊन उभा राहिला.

पिंपळद जंक्शनच्या रेल्वे कॉलनीतली ही गोष्ट, आता तीस वर्षांची झाली. आदल्या संध्याकाळी दामोदर सोनटक्के गेले होते. मेल ड्रायव्हर. सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची. मी शांताराम बाविस्कर, त्यांचा फायरमन. सात वर्षं त्यांच्या इंजिनात फावड्याने कोळसा मारला, शिव्या खाल्ल्या, त्यांच्याच डब्यातलं जेवलो. पुढे डिझेल आलं आणि मी स्वतः ड्रायव्हर झालो, पण रोज संध्याकाळी नानांच्या ओट्यावर चहाला जायचा नेम काही मोडला नाही.

हे चार-सहा-दोन काय, ते आधी सांगतो, नाहीतर मला वेड लागलं होतं असंच तुम्ही धरून चालाल. लागलंच होतं म्हणा, पण त्याला कारण होतं. वाफेच्या इंजिनाची जात चाकांवरून ओळखायची. नानांच्या मेलच्या इंजिनाला पुढे चार लहान चाकं, ती रुळाचं वळण धरतात. मध्ये सहा थोरली, ती गाडी ओढतात. मागे दोन, ती आगीच्या पेटीचा भार घेतात. म्हणून चार-सहा-दोन, ऊर्फ पॅसिफिक. मालगाडीचं इंजिन दोन-आठ-दोन, ऊर्फ मिकाडो. आणि यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं शंटिंगचं इंजिन शून्य-सहा-शून्य. त्याला ना पुढे काही, ना मागे काही, आणि नावही नाही. आमच्या कॉलनीत माणसाचा मान याच हिशेबाने ठरायचा. हळदीकुंकवाला चार-सहा-दोनची बायको आली की दोन-आठ-दोनची बायको सतरंजीवर सरकून जागा करायची. शून्य-सहा-शून्यची दाराशी बसायची.

आणि नानांच्या नोकरीची शेवटची सहा वर्षं शून्य-सहा-शून्यवर गेली होती. जायच्या सोळा वर्षं आधी एकदा त्यांनी लाल सिग्नल ओलांडला. इंजिन पुढच्या उभ्या मालगाडीच्या वीस पावलं अलीकडे थांबलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण चौकशी झाली आणि नानांना मेलवरून काढून यार्डात टाकलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी त्यांच्यासमोर बोलत नसे.

जायच्या महिनाभर आधी नानांनी मला खाटेजवळ बोलावून एक कागद दिला. निळ्या पेन्सिलीने बारा गोल काढलेले. चार बारीक, सहा मोठे, दोन मध्यम. मोठ्या गोलांशेजारी लिहिलं होतं : पाच फूट सात इंच, कमी नाही, जास्त नाही.

"हे काय, नाना?"

"माझी शेवटची गाडी. मधल्यांची उंची बरोबर पाहा. मेलच्या थोरल्या चाकाचा व्यास तेवढाच होता."

"आणि पुढची? ती चाकं तर तीन फुटी होती. तीन फुटी माणसं आणू कुठून?"

"जमतील तेवढे ठेंगणे घे. आणि माणसं तूच गोळा करायची, शांताराम. दुसऱ्या कोणी केलेली चालणार नाहीत. दे हात."

मी हात दिला. दिला तो दिला. यार्डातल्या सहा वर्षांचा डाग जाता जाता तरी पुसावा, नाना मेल ड्रायव्हर म्हणूनच जावेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि ते इतकं घट्ट बसलं होतं की त्या सकाळी मी माणसं मोजत सुटलो.

नानांचा मुलगा मुकुंद पहाटेच्या गाडीने पुण्याहून आला होता. विमा कंपनीत नोकरीला. तो बराच वेळ माझा प्रकार बघत राहिला आणि मग मला बाजूला घेऊन गेला.

"काका, लोक हसतायत."

"हसू देत. नानांचा शब्द आहे."

"अहो, नाना दोन महिने औषधांच्या गुंगीत होते. चार खांदेकरी पुरतात माणसाला."

"चार म्हणजे शून्य-चार-शून्य," मी म्हणालो. "ते साखर कारखान्यातलं इंजिन झालं. तुझ्या बापाला उसाच्या गाड्या ओढायला लावतोस?"

मुकुंदने आईकडे पाहिलं. द्वारकाकाकू नानांच्या उशाशी बसल्या होत्या. रडून झालं होतं, डोळे कोरडे होते. त्या एवढंच म्हणाल्या, "करू दे त्याला."

बांबूवाल्याने तर माझी अब्रूच काढली. बारा माणसं म्हणजे सहा जोड्या, एकामागे एक. त्यांना सोळा फुटी बांबू लागणार. तो म्हणाला, "बाविस्करसाहेब, किती लांबीचा माणूस गेला?"

मधले सहा मात्र सुरेख मिळाले. डिझेल शेडमधली पोरं, एकसारखी, जणू कारखान्यात ओतलेली. त्यांना या सगळ्याची गंमत वाटत होती. त्यातला एक म्हणाला, "काका, आमच्या इंजिनाला असलं काही नसतं. तीन आणि तीन, सगळी जोडचाकं सारखी."

"म्हणूनच तुमच्या इंजिनाला चेहरा नसतो," मी म्हणालो.

पुढचे चार झाले : टेलर, पोस्टमन, सलूनवाला आणि दूध केंद्रावरचा एक गृहस्थ. मागच्या दोघांत एक मी. दुसऱ्यासाठी मी तुळशीराम भोळ्यांकडे गेलो. भोळे म्हणजे रिटायर मालगाडी ड्रायव्हर, आयुष्यभर दोन-आठ-दोन, आणि चाळीस वर्षं नानांशी एकच भांडण. नाना म्हणायचे, पॅसिफिक हे महासागराचं नाव. पहिली तसली इंजिनं समुद्र ओलांडून न्यूझीलंडला गेली होती. भोळे म्हणायचे, मिकाडो म्हणजे जपानचा बादशहा. पहिली तसली तिकडे गेली होती, आणि खाऱ्या पाण्यापेक्षा बादशहा केव्हाही मोठा.

भोळे ओट्यावर दाढी करत होते. कागद पाहून म्हणाले, "मी पॅसिफिकचं मागचं चाक होऊ? मधे आठ कर आणि पुढे दोन. लगेच येतो."

"भोळेकाका, ते मालगाडीचं इंजिन होईल."

"मग काय झालं? माझ्या चाकाचा व्यास पाच फूट दीड इंच. तसली माणसं ढिगाने मिळतात. तुला भिंतीवर रेघोट्या मारत बसावं लागलं नसतं."

"काका, नाना गेलेत."

त्यांनी गालावरचा फेस पुसला. अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. "चल. पण मागच्या चाकावर आगीचा भार असतो हे लक्षात ठेव. हलकं काम नाही ते."

आणि याच आगीवरून पुढे पंचाईत झाली. मुकुंद विस्तवाचं मडकं शिंकाळ्यात घेऊन पुढे उभा राहिला, तर भोळे म्हणाले, "पुढे कुठे? आग मागे. इंजिनाची पेटी मागच्या चाकांवर असते."

उपासनी गुरुजी दर्भ बाजूला ठेवून म्हणाले, "विस्तव पुढे चालतो. मागून चाललेला मी पाहिलेला नाही."

"मग इंजिन उलटं लावू. नाना उलटे, विस्तव पुढे."

"उलटं लावलं तर दोन-सहा-चार होईल," मी म्हणालो.

"होत नाही. उलटं चालवलं तरी धुराड्याकडूनच मोजतात. सात वर्षं फायरमनकी केलीस आणि एवढं ठाऊक नाही?"

"प्रेताला धुराडं कुठून आणू मी?"

"विस्तव पुढे," काकू आतून म्हणाल्या, आणि तो प्रश्न मिटला.

उचलल्याबरोबर दुसरा निघाला. मधले सहा पाच-सातचे आणि पुढचे चार पाच-दोनच्या आसपास. बांबू पोरांच्या खांद्यावर, आणि टेलर-पोस्टमनच्या कानाच्या वर अधांतरी. चौघे हात वर करून त्याला नुसते धरून चालले होते, बसमध्ये दांडी धरतात तसे. मी घरातून चार उशा आणवल्या आणि चौघांच्या खांद्यांवर सुतळीने बांधल्या. भोळ्यांनी ते पाहून मान डोलावली. "स्प्रिंगा आल्या," म्हणाले.

निघालो एकदाचे. मी मागून पावलं मोजत होतो, "डावा, उजवा," कारण थोरल्या सहा चाकांना एकच दांडा जोडलेला असतो, ती एकदम फिरली पाहिजेत. पोरं हसू दाबत होती. कॉलनीतल्या बायका पदर तोंडाला लावून ओट्यावर उभ्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही. रेशन दुकानाच्या वळणावर पुढची चौघं झकास वळली, पण मधल्या सहांचा सोळा फुटी बांबू विजेच्या खांबाला अडला.

"मागे घ्या," भोळे म्हणाले. "सावकाश. आता डावी बाजू दाबून."

दोनदा पुढे, तीनदा मागे. यार्डात शंटिंग करतात तसलंच चाललं होतं, आणि ते मनात आल्याबरोबर मी पावलं मोजायचं सोडून दिलं. शेवटी खांब सुटला.

कॉलनीच्या टोकाला रेल्वे गेट आहे, स्मशान त्याच्या पलीकडे. बायका गेटपर्यंत येतात आणि तिथून परत फिरतात. आम्ही पोचलो तर गेट बंद, मालगाडी यायची होती. गुरुजी म्हणाले, "विसावा इथेच घ्या." तिरडी खाली ठेवली.

मालगाडी काही येईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पोस्टमनने घड्याळ पाहिलं, उशी सोडून माझ्या हातात दिली. "बाविस्करसाहेब, टपाल वाटायचंय. तीन मनीऑर्डरी आहेत." गेला. मग टेलर नमस्कार करून गेला, त्याच्याकडे लग्नाचे कपडे अडले होते. सलूनवाल्याने एकाला साबण लावून तसाच बसवून ठेवला होता. दूध केंद्रवाला काहीच न सांगता गेला, उशीसकट.

मग मालगाडी आली, गेली, गेट उघडलं. दोन्ही बाजूंना एसटी, टेंपो, बैलगाड्या थटल्या होत्या. भोळे खांदा चोळत म्हणाले, "पुढची चार निखळली. माझाही खांदा गेला, शांताराम. तूही सोड. पोरं सहा आहेत, आरामात नेतील."

"हो काका, आम्ही नेतो," डिझेलच्या पोरांनी तिरडीला हात घातला.

सहा पोरं. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही.

"हात लावू नका," मी म्हणालो, आणि बांबू धरून तिथेच रस्त्यात बसकण मारली.

एसटीवाला हॉर्न वाजवायला लागला. मुकुंद मडक्याचा धूर चुकवत माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "काका, पुरे झालं आता. माझ्या बापाचा तमाशा मांडलाय तुम्ही."

"आणखी पाच माणसं येऊ देत. मी आणतो."

"कुठून आणणार?" भोळे म्हणाले. "त्या एसटीतले प्यासिंजर उतरवून मोजणार आहेस? अरे, शून्य-सहा-शून्य तर शून्य-सहा-शून्य. शेवटी त्यावरच होता ना तो? मोठा ड्रायव्हर होता, मी नाही म्हणत नाही. पण लाल सिग्नल त्याने पाहिला नाही, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार?"

"नानांना तो दिसूच शकत नव्हता."

"म्हणजे?"

मला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघूनच गेलं.

"डावं वळण होतं. नानांच्या बाजूने समोर नुसता बॉयलर. तिथे सिग्नल फायरमनने बघायचा आणि ओरडून सांगायचा. मी दोन पाळ्या सलग केल्या होत्या, भर दुपारचं ऊन, पुढ्यात भट्टी. फावड्यावर रेलून मला डुलकी लागली. नानांनी विचारलं, सिग्नल? मी डोळे न उघडता म्हणालो, क्लिअर."

पोरांनी बांबूवरचे हात काढले. मागे हॉर्न चालूच होता.

"चौकशीत मला आत बोलावायच्या आधीच नाना सांगून आले होते, फायरमनने लाल सांगितला होता, मलाच ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, तुझं पोर लहान आहे, तू गप्प राहा. मी गप्प राहिलो. नोकरी राहिली, पुढे ड्रायव्हर झालो. आणि ते सहा वर्षं यार्डात डबे ढकलत राहिले. आता हा एवढाच एक शब्द होता माझ्याकडे, बारा माणसांचा. तोही मला धड पाळता येत नाही."

मी रडत होतो. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, भर रस्त्यात, मांडीवर पोस्टमनची उशी घेऊन. भोळे अर्ध्या दाढीवरून हात फिरवत होते. मुकुंद माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो मला मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

बायकांतून काकू पुढे आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी. जेवता जेवता."

"सोळा वर्षं, काकू?"

"सोळा. रोज यायचास, चहा प्यायचास, कपाकडे बघत बसायचास. मी यांना म्हणायचे, अहो, तुम्हीच विषय काढा आणि मोकळं करा त्याला. तर म्हणायचे, माझ्यापाशी बोलून तो सुटायचा नाही, त्याला चारचौघांत बोलू दे. मग आजारपणात तो कागद काढला. मी म्हटलं, बारा माणसं कशाला हवीत तुम्हाला? तर हसले. म्हणाले, मला कशाला, शांतारामला ऐकायला हवीत."

मी मूर्खासारखं विचारलं, "आणि चाकं?"

"चाकांचं काय घेऊन बसलास. मेलवर होते तेव्हा आठवड्यातून तीनदा तोंड दिसायचं त्यांचं. यार्डात गेल्यापासून रोज दुपारी गरम जेवायला घरी येत होते. चांगली गेली आमची ती सहा वर्षं." त्यांनी वाकून माझ्या मांडीवरची उशी काढून घेतली. "ऊठ आता. ऊन चढतंय, त्यांना त्रास होईल."

मग त्या पोरांकडे वळल्या.

"उचला रे. सहाजण पुरेत."